अप्पाकाकाची गिटार परत वाजली: सांगलीतली एक रॉक मैफल

वारणाकाठ (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी आम्ही घरचे अकरा जण विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये जुनं इंग्रजी रॉक ऐकायला गेलो होतो. आजी ८४ वर्षांची, माझा मुलगा ६ वर्षांचा, मधल्या वयाचे बाकीचे. अप्पाकाकाला जाऊन तीन वर्षं झाली. स्टेजवर त्याचे जुने साथीदार होते आणि त्याची गिटार होती. इथं वाद्यं वाजवणारे, दुरुस्त करणारे आणि मन लावून ऐकणारे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

काका साखर कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होता. गळीत हंगाम संपला की जत्रा, पावसाळा सरता सरता गणपती, आणि या दोन्ही वेळी त्याचा ऑर्केस्ट्रा. तासगाव, आष्टा, इस्लामपूर, जत, कवठेमहांकाळ, बोलावतील तिथं टेम्पोतून जायचे. लोकांना हिंदी सिनेमाची गाणी हवी असायची आणि काका ती जीव ओतून वाजवायचा. भूपिंदर सिंग सगळ्यांना गझलेमुळं माहीत, पण 'दम मारो दम'ची गिटार त्यांच्या हातची, हे मला तिसरीत असताना काकानं सांगितलं होतं. रात्री उशिरा, पुढची लहान पोरं आयांच्या मांडीवर झोपली आणि मागं कॉलेजची मुलं उरली, की ऑर्केस्ट्राचे मालक एक इंग्रजी गाणं वाजवू द्यायचे. ते ठरलेलं असायचं: ईगल्स या अमेरिकन बँडचं 'होटेल कॅलिफोर्निया'.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अल्बम १९७६च्या डिसेंबरातला. गाणं साडेसहा मिनिटांचं, पण शेवटची दोन मिनिटं शब्दच नाहीत, फक्त दोन गिटारी. रेकॉर्डवर त्या डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांनी वाजवल्यात. आधी एक बोलते, मग दुसरी, मग दोघी जिन्यावरून जोडीनं उतरल्यासारख्या एकदमच, पण एकमेकींपासून थोडे अंतर ठेवलेले सूर घेऊन. खाली आठ कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सूरसंचांचा, फेरा चालू असतो. बी मायनरवर सुरू होतो, एफ शार्पवर येऊन थांबतो, आणि एफ शार्प ऐकला की कान परत बी मायनर मागतो. त्यामुळं फेरा संपतच नाही. रेकॉर्डवर आवाज हळूहळू विरत जातो. स्टेजवर विरता येत नाही, कुणीतरी थांबवावं लागतं. त्यांच्या ऑर्केस्ट्रात ती खूण काकाची होती. तो गिटारीची मान खाली घ्यायचा आणि सगळे बी मायनरवर उतरायचे.

दुसरी गिटार त्याच्या जोडीदाराची. ते शाळेत गणित शिकवायचे, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो.

काकाची गिटार कोलकात्यात बनलेली गिवसन, लाल रंगाची. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावरून गावभागात काय झालं असेल ते समजा. आमचं घर तिथलंच. माणसं वेळेत बाहेर पडली, गिटार पलंगाखाली पेटीत राहिली. पाणी उतरल्यावर काकानं ती पुसली, उन्हात न ठेवता सावलीत वाळवली आणि माळ्यावर ठेवून दिली. दुरुस्त करू या का म्हटलं की "बघू" म्हणायचा. भिंतींची पोपडं, काकूचं शिलाई मशीन, आजीचा पलंग... त्याच्या यादीत स्वतःची वस्तू सगळ्यात शेवटी. मग तो गेला.

यंदा मास्तरांचा फोन आला. जुनी मंडळी मिळून कार्यक्रम करतोय, गिटार द्या, स्टेजच्या मधोमध उभी करू, हार घालू, समोर समई लावू. वडील लगेच हो म्हणाले. मीही म्हणालो. आजी जेवत होती. घास हातात तसाच धरून म्हणाली, "हार फोटोला घाला. गिटारीला कशाला? ती वाजवा की."

आजीचं माहेर मिरजेचं. तिथं ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. तेव्हापासून त्यांच्या आठवणीला उरुसात मोठमोठे गवई-वादक येतात आणि मानधन न घेता सेवा म्हणून गातात-वाजवतात. आजी लहानपणी तिच्या वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं गेली आहे, आणि पुढं स्वतः अप्पाकाकाला घेऊन गेली. तिच्या लेखी वाजवणारा गेला की त्याच्या नावानं वाजवायचं असतं. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही, पण गिटार माळ्यावरून खाली उतरली.

ती मिरजेला नेली काकाच्या मुलीनं. तिला आम्ही अजून छोटी म्हणतो. पुण्यात नोकरी करते, कॉलेजपासून गिटार वाजवते. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांनी पेटी उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "पाण्यातली दिसते. लाकडाचं मी बघतो, विजेचं दुसऱ्याला दाखवा." मान आणि खोडाचा जोड सुटला होता, मान पुढं झुकली होती, पडदे गंजले होते. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, ते सरकवता येतात. गिटारीचे लाकडात ठोकलेले, त्यातला एक जरी केसभर वर आला तरी तार त्याच्यावर खरखरते. त्यांनी एकेक पडदा पट्टी लावून आणि कान लावून सपाट केला. काम करताना छोटीला म्हणाले, "तानपुऱ्यात तार घोडीला हलकेच घासून बोलावी यासाठी आम्ही जवारी काढतो. तुमच्यात तीच घासली की दोष!" सात आठवडे लागले. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणारा भाग, त्यात चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. दोनपैकी एका पिकअपची तार गंजून तुटली होती, तिथं नवा बसवला. दुसरा जुनाच, साफ केल्यावर चालू झाला.

आता शनिवार. सुरुवातीला स्पीकरमधून भुण्ण असा आवाज सुटला आणि दहा-बारा मिनिटं कार्यक्रम अडला. कीबोर्ड एका बोर्डवर, अँप्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डवर, त्यामुळं अर्थिंगचा घोळ होता. सगळं एकाच बोर्डवरून घेतल्यावर थांबला. मग 'स्मोक ऑन द वॉटर'नं सुरुवात. १९७१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या मोंत्रो गावातला कॅसिनो जळाला, त्याचा धूर तळ्यावर पसरला, ते डीप पर्पल या बँडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावर गाणं केलं. हे मी आजीच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे त्यांनीबी बघितलंय."

आठव्या की नवव्या गाण्यानंतर मास्तरांनी छोटीला वर बोलावलं. भाषण नाही. काकाचा फोटो कोपऱ्यात होता, त्याला हार होता. बारा तारांच्या गिटारीवर ओळखीचे सूर सुरू झाले आणि माझ्या शेजारी काकूनं पदराचं टोक मुठीत धरलं.

गाणं झालं. मास्तरांनी आपला भाग वाजवला, मग छोटीचा आला. तिच्या हाताखाली तार ताणली गेली, पण सूर लगेच वर पोचला नाही. खालून निघाला, मध्ये रेंगाळला, मग लागला. रेकॉर्डमध्ये असं नाही. मास्तर पुढच्या सुरावर गेले होते, ते अर्धी मात्रा थांबले आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. काकू माझा दंड धरून म्हणाली, "हे ह्यांचं आहे."

नंतर कळलं. मास्तरांकडं १९८८च्या एका जत्रेतल्या कार्यक्रमाची कॅसेट होती. त्यांचं घर विश्रामबागेत असल्यानं पुरातून वाचली. छोटीनं ती मागून घेतली आणि रेकॉर्ड बाजूला ठेवून बापाच्या वाजवण्यावरून सगळा भाग बसवला. काका तो सूर नेहमी मींड घेऊन, म्हणजे खालच्या सुरावरून सलग सरकत, लावायचा. उरुसात बसून किराणा घराण्याचं गाणं ऐकलेल्या माणसाचं ते रॉक होतं. मी त्याला शंभर वेळा ऐकलं असेन, पण हे मला तोवर कधी उमगलं नव्हतं.

दोन्ही गिटारी जोडीनं फिरायला लागल्या. एक फेरा, दोन, तीन. थांबायचं कसं हे तालमीत ठरलंच नव्हतं, मास्तर थांबवतील असं छोटीनं गृहीत धरलेलं. चौथ्या फेऱ्यात ड्रमवाले, बेसवाले, मास्तर, सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं गिटारीची मान खाली घेतली.

हॉलमध्ये टाळ्यांच्या आधी क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आजीनं विचारलं, "झालं?" मी म्हणालो, झालं. "बरं वाजवलं पोरीनं," म्हणाली आणि माझ्या मुलाच्या पायातून निघालेली चप्पल शोधायला वाकली.

---

बेसवाला_कुपवाड

वाचता वाचता दोनदा थांबलो. मी नव्वदच्या दशकात दोन हंगाम ऑर्केस्ट्रात बेस वाजवलाय, ते टेम्पोतले प्रवास माहीत आहेत. पहाटे चारला कुठल्या तरी फाट्यावर चहा आणि भडंग, आणि सकाळी परत कामावर.

तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो. ईगल्सचे ग्लेन फ्राय २०१६च्या जानेवारीत गेले. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा डीकन बँडबरोबर उभा राहिला आणि वडिलांची गाणी गायला लागला. लेड झेपेलिनचंही तसंच. ड्रमर जॉन बोनम १९८०ला गेले आणि बँडच थांबला. २००७च्या डिसेंबरात लंडनला ते एका रात्रीपुरते पुन्हा एकत्र आले तेव्हा ड्रमवर त्यांचा मुलगा जेसन होता. तुमच्या छोटीनं केलं ते याच जातीचं आहे. तारा कुठल्या जाडीच्या लावल्या? दुरुस्त केलेल्या मानेवर जाड तारा चढवू नका.

---

वारणाकाठ

नऊच्या सेटच्या, म्हणजे बारीक, लावल्यात. मिरजेच्या कारागिरांनीही तेच बजावलं होतं, ताण कमी ठेवा म्हणून. डीकन फ्रायचं मला माहीत नव्हतं, छोटीला पाठवलं. तिनं उत्तरादाखल फक्त एक हार्ट पाठवलं, म्हणजे पोचलं.

---

निशिगंधा

लेख फार आवडला, पण एका गोष्टीवर माझं मन वेगळं आहे. माझ्या वडिलांची हार्मोनियम घरात आहे. ते गेल्यापासून अकरा वर्षं मी ती रोज पुसते, पण उघडू देत नाही. भाचीनं एकदा भात्याला हात लावला आणि मी तिच्यावर ओरडले. त्या पट्ट्यांवरून शेवटचा हात त्यांचा फिरलाय, तो तसाच राहावा असं वाटतं. "वाजवा की" हे आजींचं म्हणणं मोठं आहे, तरी सगळ्यांना ते झेपेलच असं नाही.

---

वारणाकाठ

निशिगंधाताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. काकूनंही तीन वर्षं माळ्याकडं बघितलं नव्हतं. गिटार मिरजेला नेताना ती आतल्या खोलीत जाऊन बसली होती, आणि कार्यक्रमाला येणार नाही असं आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होती. आम्ही कुणी आग्रह केला नाही. शनिवारी दुपारी ती स्वतःच इस्त्रीची साडी काढून बसली.

हार्मोनियमबद्दल एकच सांगावंसं वाटतं. वाजवू नका, पण वर्षातून दोन-चारदा भाता हलवून घ्या. बंद राहिलेल्या भात्याचं चामडं कडक होतं, कसर लागते, सुरांवर, म्हणजे आतल्या धातूच्या जिभांवर, गंज चढतो. वडिलांचा हात जपायचा तर पेटी जिवंत राहायला हवी.

---

कान_नाक_घसा

मैफल सुंदर, पण डॉक्टर आहे म्हणून विचारतो: सहा वर्षांच्या मुलाच्या कानावर काही होतं का? ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. बंद हॉलमधल्या रॉकला १०० ही नेहमीची गोष्ट आहे. लहान मुलांना कापसाचे बोळे पुरत नाहीत, कान झाकणारे इयरमफ घ्या. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता असं समजा. वयस्कर माणसांना स्पीकरच्या समोर बसवू नका, मागं आणि मधोमध बसवा.

---

वारणाकाठ

डॉक्टर, मुलाला इयरमफ होते. छोटीनंच आणले होते, निळे, आता तो ते घालून अभ्यासाला बसतो. आजीला मात्र मी दुसऱ्या रांगेत बसवलं होतं, ते चुकलं. पुढच्या वेळी मागं बसवीन.

---

अजिंक्यतारा_७९

साताऱ्याहून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाच्या गाण्याच्या चार कॅसेट घरात आहेत. भाऊ २००५ साली गेला. त्या अजून वाजतील का, आणि मोबाइलवर घ्यायच्या तर कशा? मला भीती वाटते, एकदा टेपमध्ये गुंतल्या की गेल्या.

---

वारणाकाठ

अजिंक्यतारा, आम्ही काय केलं ते सांगतो. आधी कॅसेट उजेडात धरून बघा. फितीच्या कडेला पांढुरकं दिसलं तर बुरशी आहे, अशी कॅसेट थेट लावू नका, जाणकाराला दाखवा. आमच्याकडच्या कॅसेटमधली फीत चांगली होती, पण ती दाबणारी छोटी फोमची गादी झडली होती. मास्तरांनी स्क्रूनं उघडणाऱ्या डबीची एक कोरी कॅसेट उघडून फीत त्यात बदलून घातली. त्यांचे हात सत्तरीला आलेत, तरी एकदाही थरथरले नाहीत.

लावण्याआधी टेपचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट आधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. रेकॉर्डिंग मोबाइल स्पीकरसमोर धरून करू नका. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आमच्या कॅसेटवर गाण्याच्या आधी काकाचा आवाज आहे. माइक तपासताना तो म्हणतो, "हॅलो, हॅलो, मास्तर, तुमची दुसरी तार चढलीय." ते आम्ही कापलेलं नाही.

---

मिरजकर_तानपुरा

आमच्या गल्लीबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. थोडी भर घालतो. सतार करणारी बरीच घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, दुरुस्ती करणारी. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, पटवर्धनांच्या संस्थानात, हत्यारांचं काम कमी होत गेलं आणि गवयांची वाद्यं दुरुस्तीला यायला लागली. दुरुस्त करता करता नवी घडवायला लागले. म्हणजे सुरुवात दुरुस्तीपासूनच. भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ला इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पुरात भिजलेलं वाद्य कुणाकडं असेल तर एवढंच करा. आधी तारा उतरवा, ताण काढा. ऊन नको, पंखा नको, हीटर तर नकोच. सावलीत सावकाश वाळू द्या. तुमच्या काकांनी सावलीत वाळवली म्हणून ती गिटार परत जोडता आली. उन्हात टाकली असती तर खोडाला भेग गेली असती.

---

वारणाकाठ

हे छोटीला आणि काकूला वाचून दाखवलं. आम्हाला वाटत होतं काकानं गिटारीचा नाद सोडला म्हणून ती माळ्यावर गेली. त्यानं तारा उतरवून, गुंडाळून, तारखेची चिठ्ठी लावून पेटीच्या खणात ठेवल्या होत्या. पेटी उघडली तेव्हा त्या दिसल्या होत्या, त्यांचा अर्थ आज लागला.

---

निशिगंधा

आज भाचीला बोलावून घेतलं. पेटीचा भाता हलवला. पट्टीला हात लावला नाही, फक्त भाता.

---

वारणाकाठ

ताई, वाचलं. काकूला सांगितलं, तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

इकडची खबर: छोटी पुण्याला परत गेली, गिटार आमच्याकडंच ठेवून. परवा रात्री मुलगा खालच्या जाड तारेवर 'स्मोक ऑन द वॉटर'चे पहिले सूर शोधत बसला होता. दुसऱ्या सुरावर अडायचा, परत पहिल्यापासून. काकू स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता म्हणाली, "बाळा, एक घर पुढं." तिला गिटार येत नाही. तीसेक वर्षं तिनं ते आतून ऐकलंय.